एकेचाळीस अटी, दीड एकर ऊस

घाबरण्याचं काम माझ्या ताईच्या थोरल्या दिरांनी जितकं मन लावून केलं, तितकं मन लावून आमच्या जिल्ह्यात कुणी शेतीसुद्धा केली नसेल. माणसं सापाला भितात, फौजदाराला भितात, काहीजण बायकोला भितात. दादा मात्र जे अजून घडलेलंच नाही त्याला भीत. (घरात सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही.) सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, विहिरींचे तळ दिसत होते, आणि दादा रोज छत्री घेऊन कामावर जात. मी म्हणायचो, "दादा, आभाळात कापूस तरी दिसतोय का?" ते म्हणत, "समजा आला तर?" मी म्हणायचो, "आला तर सगळा तालुका अंगणात नाचेल. तेव्हा भिजायला तुम्हीच तेवढे नको म्हणणार का?" यावर ते छत्रीकडे बघत आणि तिची एक काडी सैल झाली आहे, या नव्या काळजीत पडत.

त्यांच्या खोलीत गजराची दोन घड्याळं होती. दुसरं पहिल्यानंतर पाच मिनिटांनी वाजे. पहिलं वाजलं की नाही याची खात्री करायला. दाराला कुलूप लावलं की ते ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जात, परत येऊन पुन्हा ओढून बघत. पत्र टाकलं की चार दिवसांनी एक कार्ड टाकत, "पत्र पोचले का?" एवढंच लिहिलेलं. लग्न त्यांचं झालं नव्हतं, आणि त्यालाही कारण हेच. संगमनेरकडची एक मुलगी पाहायला गेले. पोहे खाल्ले, मुलगी आवडली, आणि मग मुलीच्या वडिलांना विचारलं, "तुमच्या विहिरीला कठडा आहे का?" नाही म्हटल्यावर दादांनी तिथंच सगळ्या घराला, विहिरीत माणूस कसा पडतो आणि पडल्यावर दोर कुठं असायला हवा, हे समजावून सांगितलं. वडिलांनी पुढच्या आठवड्यात कठडा बांधला आणि मुलगी दुसरीकडे दिली.

असा हा माणूस देवळाली प्रवरेच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करत असे. ऐकणाऱ्याला वाटे, कारखान्यात कॉम्प्युटर आहे. तसं काही नव्हतं. कारखान्यात होती एक पत्र्याची खोली, तिच्यात कार्डांना भोकं पाडणारी दोन यंत्रं, आणि दादा. मुंबईत एका गिरणीच्या ऑफिसात ते ही कार्डांची विद्या शिकले होते, आणि पुढे कॉम्प्युटरला सूचना कशा लिहायच्या, म्हणजे प्रोग्रॅम, तेही. प्रत्येक उसाच्या फडाचं एक कार्ड. मालक कोण, सर्व्हे नंबर काय, लागण कधीची, पाणी पाटाचं की विहिरीचं, हे सगळं त्या कार्डावरच्या भोकांत. दर मंगळवारी ही कार्डं पुण्याला जात. तिथं एका कंपनीचा कॉम्प्युटर तासाच्या भाड्यानं मिळे. तो ती कार्डं वाचून तोडीची यादी छापून देई, म्हणजे या आठवड्यात कुणाचा ऊस तोडायचा आणि कोणती टोळी कुठं पाठवायची. गुरुवारी सकाळी यादी शेतकी खात्याच्या खिडकीत लागे. ज्याचं नाव यादीत, त्याचा ऊस कारखान्याच्या गव्हाणीत. ज्याचं नाही, त्याचा ऊस उभा.

मी तिथं आलो तो तिसगावहून. तिकडं पाणी संपलं होतं, कॉलेज सुटलं होतं, माझ्या पिशवीत दोन सदरे आणि पत्रकांचा एक गठ्ठा होता. ताईनं बोलावून घेतलं आणि दादांनी त्या पत्र्याच्या खोलीत तात्पुरतं कामाला लावून घेतलं. मी यंत्रांच्या विरोधातला माणूस. यंत्र हे मालकाच्या हातातलं नवं हत्यार, असं मी स्वतः छापून वाटलं होतं. पण तोडीच्या यादीबद्दल मात्र मला त्या यंत्राचं कौतुक वाटे. यंत्राला मेहुणा नसतो. संचालकाच्या भाच्याचा ऊस आधी न्या, असं त्याच्या कानात कुणी सांगू शकत नाही.

दादांचा पहिला प्रोग्रॅम मी पाहिला होता. तो त्यांनी एका बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवला होता. मूठभर कार्डं. त्याचा अर्थ शेतातल्या कुणालाही समजेल असा: ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. मग पहिल्याच हंगामात एकानं लागणीची तारीख खोटी दिली, आणि दादा घाबरले. त्यांनी तारीख तपासणारी अट घातली. एका ओढ्यावरचा फरशीपूल खचला आणि ट्रक अडकला, तेव्हा रस्त्याची अट आली. एक टोळी एकाच दिवशी दोन गावांना लागली, अट. एकाच्या फडात तोड गेली त्याच दिवशी त्याच्या मुलीची हळद होती आणि मांडवातून माणसं कोयतेवाल्यांवर ओरडत धावली. दादांनी लग्नतिथींची अट घातली, आणि त्यासाठी दरवर्षी पंचांग विकत घेऊ लागले. प्रत्येक अटीमागे खरं घडलेलं काहीतरी होतं, हे मी कबूल करतो. पण एक घडलेलं असलं तर दादांना त्याच्या शेजारी न घडलेली तीन दिसत. समजा दोघांचं नाव एकच असेल. समजा फडाला आग लागली. समजा मुकादम पळाला. मी आलो तेव्हा अटी चाळीस झाल्या होत्या, आणि त्यांची माहिती देणारं अकरा पानांचं टिपण दादांनी शेतकी खात्याला दिलं होतं. ते तिथं टेबलाचा पाय डुगडुगू नये म्हणून वापरात होतं.

आमचं यावरून रोज भांडण होई.

"तारीख आणि पाणी," मी म्हणे. "दोन गोष्टी बघा. बाकीचं माणसं बघतील."

"आणि माणसांनी नाही बघितलं तर?"

"तर माणसं ओरडतील. चाळीस अटींमध्ये चूक झाली तर कोण ओरडणार? कुणाला कळणार कुठं झाली ते?"

"तू म्हणतोस ते बरोबर आहे," दादा म्हणत. भांडणात समोरच्याचं बरोबर आहे म्हणणारा माणूस किती छळतो, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. "पण मी एखादी अट काढली आणि नेमकं तेच झालं तर रे?"

पुण्याचा प्रवास तर एक अनुष्ठानच असे. कार्डांचा क्रम बिघडला तर सगळं संपलं, म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर दादा पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढत. एखादं कार्ड हललं तर रेघ तुटलेली दिसावी. मग डबा, डब्याला सुतळी, सुतळीवर ताईची जुनी गोधडी. हे सगळं मांडीवर घेऊन ते नगरपासून पुण्यापर्यंत एस.टी.त बसत, सुप्याला गाडी चहाला थांबली तरी उतरत नसत. मी आल्यावर त्यांनी कार्डांची दुसरी प्रत केली आणि मला मागच्या गाडीनं यायला सांगितलं.

"एकाच गाडीनं जाऊ की," मी म्हटलं.

"समजा गाडी उलटली."

"म्हणजे मागची उलटली तर मी गेलो तरी चालेल?"

"तसं कसं म्हणेन मी?" दादा खरोखर कळवळले. "तू खिडकीपाशी बस. डबा आतल्या बाजूला ठेव."

पुण्यात त्या कंपनीत काचेमागे थंड खोली होती आणि तिच्यात तो कॉम्प्युटर. आत आम्हाला जाऊ देत नसत. दादा काचेला नाक लावून उभे राहत आणि कार्डं सरसर आत गेली की डोळे मिटून घेत. छापणारं यंत्र खडखडू लागलं की त्यांच्या कपाळावर घाम येई, त्या गारव्यातही. त्यांना पाहून मलाही भीती वाटू लागे. या एका खडखडाटावर किती घरं टांगलेली आहेत, हे मला तिथं पहिल्यांदा जाणवलं.

दसऱ्यानंतरची गोष्ट. कार्डं पंच करताना माझ्या लक्षात आलं की एका बड्या बागायतदारानं एकच फड दोन नावांवर नोंदवलाय, स्वतःच्या आणि मुलाच्या. सर्व्हे नंबर तोच, क्षेत्र तेच. म्हणजे दोन पाळ्या. स्वतःच्या उसाबरोबर दुसऱ्याही कुणाचा ऊस आपल्या नावावर घालायचा, किंवा पाळी विकायची, काय असेल ते असो. माझं रक्त तापलं. मी दादांच्या टेबलावर ती दोन कार्डं आपटली.

"अट घाला. एक सर्व्हे नंबर दोन कार्डांवर दिसला की दोन्ही बाजूला काढायची. चौकशी होईपर्यंत तोड नाही."

आणि इथं एक नवल झालं. जन्मभर अटी घालणारा माणूस पहिल्यांदा अट घालायला कचरला. "थांब जरा," ते म्हणाले. "समजा भाऊ-भाऊ असले तर?"

"भाऊ असोत नाहीतर बाप-लेक. चोर तो चोर."

"तसं नाही रे. बघायला पाहिजे."

"तुम्ही बघतच बसा. सगळ्या जगाला भिता, आता चोरालाही भ्या!" मी म्हटलं. आणखीही बरंच काही म्हटलं, ते इथं लिहायला लाज वाटते.

संध्याकाळी त्यांनी एकेचाळिसावी अट लिहिली. नेहमीसारखी खबरदारी म्हणून, बाजूला काढलेली नावं यादीच्या शेवटी वेगळ्या कागदावर छापली जातील, अशीही सोय केली, आणि टिपणाला बारावं पान जोडून शेतकी खात्यात दिलं. बागायतदाराच्या दोन्ही नोंदी त्याच आठवड्यात यादीतून गेल्या. मी त्या रात्री ताईकडं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढं तीन-चार आठवड्यांनी पाटाचं पाणी बंद झाल्याची दवंडी आली. धरणात होतं तेवढं पिण्यासाठी राखून ठेवणार होते. पुढचं आवर्तन कधी, याला कुणापाशी उत्तर नव्हतं. ज्याच्या उसाला विहीर, तो कसाबसा तग धरणार. ज्याला नुसता पाट, त्याचा ऊस रोज थोडा थोडा वाळणार, वजनाला हलका होणार, आणि शेवटी पोकळ पडून नुसता जाळायच्या लायकीचा उरणार. गुरुवारी खिडकीपुढं इतकी माणसं जमू लागली की चिकटवलेल्या यादीचे कोपरे फाटायचे. कुणी भांडत नव्हतं, तेच जास्त भयंकर वाटे. माणसं येत, बोटानं खालपर्यंत नाव शोधत, नाही सापडलं की पुन्हा वरून सुरू करत.

अशाच एका गुरुवारी यमुनाबाई आल्या. चाळिशीच्या, नवरा मागंच वारलेला, दीड एकर उसाच्या मालकीण. विहीर नाही. त्यांना खिडकीतून कुणीतरी पत्र्याच्या खोलीकडं पाठवलं होतं.

"नावं काढतेत ते मशीन हितं हाय का?" त्यांनी विचारलं.

दादा उठून उभे राहिले. "मशीन पुण्याला असतं बाई. काय झालं?"

"चार गुरुवार झाले, माझं नाव येईना. माझ्यामागून लावलेल्यांचा बी ऊस ग्येला. म्या म्हन्लं, मशीनला माझी काय वळख न्हाई का काय?" त्या हसल्या, पण ओठ कोरडे होते. "पाट बंद झाल्यापासून वरची पानं पिवळी पडाया लागलीत. दादा, तुमी जरा त्या मशीनला सांगा की. एक पोरगी हाय माझी, दुसरं काई न्हाई त्या वावराबिगर."

दादांनी त्यांचं कार्ड काढलं. होतं. भोकं बरोबर होती. लागण जुनी, पाणी फक्त पाटाचं. या बाईंचं नाव पहिल्या पानावर असायला हवं होतं. "पुढच्या गुरुवारच्या आत काहीतरी करतो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून असं ठाम वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं.

मला मात्र काही शंकाच उरली नव्हती. दुपारपर्यंत मी पत्रक लिहून काढलं. विधवेच्या तोंडचा घास काढणारे हात कोणाचे, अशी सुरुवात होती, आणि पुढं संचालक मंडळ, बडे बागायतदार, सगळ्यांना ओळीनं उभं केलं होतं. ते मी दादांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "छापू नकोस अजून. हात माझेच असतील."

मग त्यांनी काय केलं, तर पत्र्याच्या खोलीतली टेबलं भिंतीला लावली, खडू घेतला आणि फरशीवर एकेचाळीस चौकोन काढले. प्रत्येकात एक अट. आणि मला म्हणाले, "तू यमुनाबाईंचं कार्ड हो."

"काय हो?"

"कार्ड. मी अट विचारतो, तू उत्तर देऊन पुढच्या चौकोनात जा. कुठं अडकतोस बघू."

तेवढ्यात चहा घेऊन आलेला शिपाई सोपान दारातच थबकला. खोलीभर खडूचे चौकोन, मी त्यांत एका पायावर, आणि दादा हातात कागद घेऊन ओरडताहेत, "तुमची लागण अधिक महिन्यात आहे का?" तो म्हणाला, "लंगडी ख्येळताय व्हय सायेब? कारखाना बंद पडायचा आला आन् तुमी लंगडी!"

मी हसलो. दादा हसले नाहीत. मी तारखेतून पार झालो, रस्त्यातून झालो, टोळीतून, लग्नतिथीतून, नाव एकच असण्यातून. वाटेत एका चौकोनाचा अर्थ दादांनाच आठवेना. त्यांनी ती अट तीनदा वाचली आणि घाम पुसून म्हणाले, "ही का घातली होती मी?" चाळीस चौकोन झाले. मी शेवटच्यात पाय ठेवला.

"तुमचा सर्व्हे नंबर आणखी कुणाच्या कार्डावर आहे?"

मी हातातल्या कागदाकडं पाहिलं. होता. त्यांच्या दिराच्या कार्डावर. दोघा भावांची वाटणी तोंडी झाली होती. मध्ये बांध घातला, चुली वेगळ्या झाल्या, पण सातबारा एकच राहिला होता. आमच्याकडं निम्म्या घरांतून असंच असतं. तलाठ्याकडं कोण जातो? भावाभावांत शब्द झाला की झालं. मी शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो. माझ्या स्वतःच्या घरी माझ्या वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी अशीच आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चोर धरायच्या नादात मला ते आठवलं नव्हतं, एवढंच.

"बाजूला," दादा हळू आवाजात म्हणाले, आणि कोपऱ्याकडं बोट केलं. मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो.

"इथून पुढं?" मी विचारलं.

"इथून पुढं शेवटचा कागद. तो शेतकी खात्यानं बघायचा."

आम्ही दोघांनीही सोपानकडं पाहिलं. पुण्याहून आलेली यादी खिडकीत लावायचं काम त्याचं. "शेवटचा कागद कुठं असतो रे?" दादांनी विचारलं.

"त्यो व्हय?" सोपान म्हणाला. "वर चारदोन नावं आन् खाली समदा कोरा. खिडकीत मावत बी न्हाई. पहिल्या वक्ताला सायेबास्नी दावला, ते म्हन्ले ठिव कुठंबी. लई जाड कागद हाय. गेटावर आमचा चुलतभाऊ भजी काढतो, त्याला न्हिऊन देतो."

दादा अनवाणीच धावले. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. ठेच लागेल म्हणून ते भरभर चालतसुद्धा नसत. गेटाबाहेर गाडीवर कांदाभज्यांचा घाणा चालू होता आणि गाडीच्या खणात चौकोनी कापलेले कागद. दादांनी ते सगळे काढले, एका गिऱ्हाइकाच्या हातातली पुडीही मागून घेतली, भजी त्याच्या टोपीत ओतली आणि तिथंच फुफाट्यात बसून तुकडे जुळवू लागले. चारदोन नावं नव्हती ती. दर आठवड्याला वाढत गेली होती. तेलानं पारदर्शक झालेल्या कागदावर एकेक नाव ते वाचत, आणि प्रत्येक नावाला त्यांची मान आणखी खाली जाई. जवळजवळ सगळे भाऊ-भाऊ होते. तो बडा बागायतदार त्यांत एकच.

मी तिथं उभा होतो. दादांनी एकदा वर पाहिलं असतं, एकदा म्हटलं असतं की मी सांगत होतो तुला, तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणालेच नाहीत. आम्ही शेतकी अधिकाऱ्यांकडं गेलो, तेव्हा साहेबांनी विचारलं, "ही अट घालायची कल्पना कुणाची?" मी तोंड उघडलं. माझ्याआधी दादा बोलले, "माझी." सगळ्या जगाला भिणाऱ्या त्या माणसाला खोटं बोलताना मात्र भीती वाटली नाही.

साहेब म्हणाले, चूक झाली तर झाली, मंगळवारी पुण्याला जाऊन दुरुस्त करून आणा. दादा म्हणाले, तोवर ऊस थांबणार नाही. "मग काय हातानं यादी करता?" साहेब म्हणाले. हातानं केलेल्या यादीत काही चुकलं तर ते यंत्रावर ढकलता येणार नव्हतं. "हो," ते म्हणाले, आणि बाहेर येऊन थेट पत्र्याच्या खोलीकडं निघाले.

त्या दुपारी आम्ही पुन्हा त्या चौकोनांपाशी बसलो. दादांच्या हातात ओलं फडकं होतं. एकेका चौकोनापुढं ते उकिडवे बसत, अट मोठ्यानं वाचत आणि मला विचारत, "ठेवू की पुसू?"

महिनाभरापूर्वी मी चाळीसच्या चाळीस पुसायला सांगितल्या असत्या. आता मला एकीचंही उत्तर देता येईना. फरशीपुलाची पुसली आणि ट्रक अडकला तर? टोळीची पुसली आणि दोन गावांत कोयते भिडले तर? दादा रोज हे असंच जगतात, हे मला तेव्हा कळलं.

"बोल की रे," ते म्हणाले. "तुझं म्हणणंच होतं दोन बस."

"दादा, मला भीती वाटते."

"मला पण," ते म्हणाले, आणि फडकं फिरवलं.

दिवे लागायच्या आत फरशीवर तीन चौकोन राहिले. ज्याला फक्त पाटाचं पाणी, त्याचा आधी. त्यात ज्याची लागण जुनी, त्याचा आधी. एक टोळी एका दिवशी एकाच गावात. बाकी सगळ्यासाठी दादांनी एक साधा उपाय काढला, जो त्यांना इतकी वर्षं सुचला नव्हता: यादी लावण्याआधी गेटावर मोठ्यानं वाचायची. कुणाचं खोटं असेल, पूल खचला असेल, घरी लग्न असेल, तर ऐकणाऱ्यानं तिथंच बोलावं. सर्व्हे नंबर एक असेल तर दोघा भावांनी पुढं येऊन उभं राहावं, बस्स.

रात्रभर जागून आम्ही कार्डं हातानं लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेटावर पेटीवर चढून यादी वाचू लागले. बागायतदाराचं दुसरं नाव आलं तेव्हा गर्दीतून एकजण ओरडला, "आरं, त्याच्या पोराचा कसला फड? पोरगं तर अजून चड्डी घालून साळंत जातंय!" सगळे हसले आणि ते नाव खोडलं गेलं. जे करायला मला अट लागली होती, ते एका हसण्यात झालं. यमुनाबाईंचं नाव सातवं होतं. त्यांचा दीर आणि त्या दोघं पुढं येऊन उभी राहिली. दीर म्हणाला, "वहिनीचा आधी न्ह्या. माझ्या हिरीला हाय अजून हातभर पानी."

तिसऱ्या दिवशी टोळी त्यांच्या फडात लागली. दादांनी मला बरोबर घेतलं. एकटं जायचा धीर नव्हता. बांधावर पाय न ठेवता ते रस्त्यावरच उभे राहिले. वरच्या अंगाचा ऊस बरा होता. खालच्या अंगाचा, पाट जिथं शेवटी पोचायचा तिथला, पार वाळला होता. कोयता बसला की ओल्या उसाचा आवाज वेगळा येतो आणि वाळक्याचा वेगळा. दादा ते ऐकत होते.

यमुनाबाई डोक्यावरचा पदर सावरत आल्या. "या की हिकडं. लांब का हुबं राह्यलात?"

"किती गेला वाळून?" दादांनी विचारलं.

"ग्येला असंल तिसरा हिस्सा." मग त्यांच्याकडं पाहून म्हणाल्या, "आसं तोंड नका करू दादा. समदाच जानार हुता. पोरीचं भागंल यंदा."

दादांनी वाकून खाली पडलेलं एक वाळकं कांडं उचललं. हातभर लांब असेल. हातात घेतलं आणि मला दिलं. ऊस हातात घेताना मनगट आपोआप वजनाला तयार होतं. माझं झालं होतं, आणि हात वरच गेला. त्यात काही नव्हतंच.

ते कांडं दादांनी पत्र्याच्या खोलीत टेबलावर ठेवलं. पुढच्या मंगळवारी पुण्याला नेलेला प्रोग्रॅम बिस्किटांच्या डब्यात मावत होता. घाबरणं काही त्यांचं सुटलं नाही, दोन एस.टी. गाड्या होत्याच, छत्री होतीच. पण कुणी नवी अट घेऊन आलं, मग ते साहेब असोत, संचालक असोत की मी, दादा ते कांडं उचलून त्याच्या हातात देत. माणूस ते धरून क्षणभर उभा राही. काहीजण तरीही अट सांगत आणि ती रास्त असे; दादा लिहून घेत. बरेचजण कांडं खाली ठेवून निघून जात.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या झाडलोटीत ताई आमच्या पत्र्याच्या खोलीत मदतीला आली आणि टेबलावरचा कचरा म्हणून तिनं ते कांडं घरी नेऊन बंबात घातलं. तिला बिचारीला काय माहीत. दादांनी कुणाला विचारलं नाही. पाडवा झाल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेलो, एक नवी अट सुचली होती, चांगली होती, कागदावर लिहून आणली होती. मी बोलायला लागलो आणि दादांचा हात सवयीनं टेबलाच्या त्या कोपऱ्याकडं गेला. तिथं काही नव्हतं. हात तसाच थांबला, रिकामा, जरासा उघडा. मी कागद घडी करून खिशात ठेवला.